आधी ठसा, मग ठपका!



२०११ सालच्या मे महिन्यात जर्मनीत रक्ती हगवणीची मोठी साथ आली. चांगल्या धडधाकट माणसांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. साथ संपेपर्यंत पन्नासाहून अधिक माणसे दगावली, हजारो आजारी पडली. लोक घाबरले, वर्तमानपत्रे ओरडू लागली. राज्यकर्त्यांना कोणाचे तरी नाव घेणे भाग पडले आणि २६ मे रोजी हॅम्बुर्गच्या आरोग्यमंत्र्यांनी ते घेतले. नाव होते स्पेनची काकडी.

झाले! दुसऱ्या दिवसापासून युरोपात काकडीला कुत्रे विचारीना. काकडीबरोबर टोमॅटो गेला, कोबी गेला. रशियाने तर साऱ्या युरोपचा भाजीपाला सीमेवर अडवला. आठवड्याला २० कोटी युरो बुडताहेत, असे स्पेनचे निर्यातदार सांगत होते. शेतकऱ्यांनी तोडलेला माल उकिरड्यावर ओतला.

पाच दिवसांनी, ३१ मे रोजी, प्रयोगशाळेचा निकाल आला. काकडीवर जिवाणू होता खरा, पण साथीचा नव्हे. त्याची जात वेगळी निघाली. पुढे धागा जुळला तो मोड आणलेल्या मेथीशी आणि इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्याशी. काकडी निर्दोष सुटली, पण फाशी दिल्यावर! युरोपच्या सरकारांनी मग शेतकऱ्यांसाठी २१ कोटी युरोंची मदत काढली. आठवड्याचे नुकसान २० कोटी आणि साऱ्या युरोपला मिळून मदत २१ कोटी. हिशेब तुम्हीच करा.

ही गोष्ट जिवाणूची आहे. आज आम्हाला बोलायचे आहे ते त्याहून बारीक अशा विषाणूबद्दल, आणि त्याची जात ओळखणाऱ्या नव्या शास्त्राबद्दल.

कापूस-ज्वारीवाल्यांना याचे काय?

कोणी म्हणेल, आमची कोरडवाहू शेती. आमचा कापूस कोणी खात नाही, ज्वारी खातात ती भाकरी भाजून. विषाणूशी आमचे काय घेणेदेणे?

घेणेदेणे आहे. ज्याच्या बोअरला दोन इंच पाणी लागले, त्याने एकरभर डाळिंब लावले आहे, नाहीतर टोमॅटो-कोथिंबीर. ज्वारीचा हुरडा आता गोठवून पाकिटात पुण्या-मुंबईला जातो. हुरडा आगटीत भाजतात, पण भाजल्यावर तो हातानेच चोळून काढतात. आगीत विषाणू मेला तरी चोळणाऱ्या हाताचा त्याला लागू शकतो. उद्या शहरात कोणा साहेबाच्या पोराला कावीळ झाली आणि संशयाचे बोट हुरड्याकडे वळले, तर आपल्याकडे पुरावा काय? अन्नसुरक्षेच्या २००६ सालच्या कायद्याने शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतातल्या पिकाला बाहेर ठेवले आहे. पण कायदा सोडतो, बाजार सोडत नाही.

दुसरे कारण त्याहून जुने आहे. खरेदी केंद्रावर ग्रेडर गाडीतून मूठभर कापूस ओढतो, बोटांनी धागा ताणतो आणि म्हणतो, "ओलावा आहे, परत न्या." माप त्याचे, डोळा त्याचा, निकालही त्याचाच. आपण हात जोडून उभे. मापाला आमचा कधीच विरोध नव्हता. माप एकाच्याच हातात असण्याला आमचा विरोध आहे. विषाणूची पारख हे असेच एक नवे माप आहे.

हा ठसा म्हणजे काय?

दूषित अन्न-पाण्यातून होणाऱ्या काविळीचा एक विषाणू आहे, हिपॅटायटिस ए. रोग्याच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातातून दुसऱ्याच्या तोंडात जातो. तो फळावर वाढत नाही, पण फळावर टिकून राहतो आणि बर्फात गोठवला तरी मरत नाही. माल दिसायला ताजा, वासाला चांगला, आणि आत रोग.

त्याची मोठी अडचण म्हणजे उशीर. विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी चार आठवडे. महिन्यापूर्वी मंगळवारी काय खाल्ले होते, हे तुम्ही-आम्ही सांगू शकू काय? तोवर माल संपलेला असतो, खोके जळालेले असते. साक्षीदार उरतो एकच, रोग्याच्या रक्तात आणि विष्ठेत सापडणारा विषाणू.

त्या साक्षीदाराला बोलते करण्याची विद्या म्हणजे जनुकीय पारख. या विषाणूच्या पोटात सुमारे साडेसात हजार अक्षरांची एक पोथी असते. एकाच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात जाताना पोथीची नक्कल होते, आणि नकलेत अधूनमधून एखादे अक्षर चुकते. तलाठ्याच्या नकलेतली चूक जशी पुढच्या प्रत्येक सातबाऱ्यावर उतरते, तसेच हे. दोन गावांच्या रोग्यांतल्या पोथ्या अक्षर न् अक्षर जुळल्या तर दोघांचा रोग एका मुळाचा, असा भरवसा वाढतो. अक्षरे जुळली नाहीत तर मुळे वेगळी. पूर्वी पोथीतला काही शे अक्षरांचा तुकडाच ताडून पाहत. आता अख्खी पोथी वाचता येते. या विषाणूच्या मोठ्या कुळ्याही ठरलेल्या आहेत : १ए, १बी, ३ए अशा. कोणती कुळी कोणत्या मुलखात जास्त, हेही ठाऊक असते. आपल्या देशात ३ए जास्त आढळते.

ठशाने काय केले?

१९९६ साली अमेरिका आणि कॅनडात मिळून जवळपास दीड हजार लोकांना जुलाबाची साथ लागली. रोग एका बारीक परजीवीचा होता. टेक्सासच्या अधिकाऱ्यांनी बोट दाखवले कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीकडे. ऐन हंगामात शेतकरी बुडाले. पुढे तपासात दोष निघाला ग्वाटेमालाहून आलेल्या रासबेरीचा. त्या परजीवीचा ठसा ताडून पाहायची सोय तेव्हा हाताशी नव्हती. मग जो शेतकरी नजरेसमोर होता त्याची मान पकडली.

पुढच्याच वर्षी, १९९७ साली, मिशिगन राज्यातल्या शाळांत काविळीची साथ आली. २३ शाळांत २१३ जणांना लागण झाली आणि दूरच्या मेन राज्यात आणखी २९ जणांना. या वेळी विषाणूचा ठसा घेतला गेला. मिशिगन आणि मेनच्या १२६ रोग्यांतले विषाणू अक्षरश: एक निघाले. विस्कॉन्सिन, ॲरिझोना आणि लुइझियाना इथल्या काही रोग्यांतही तोच सापडला. या सर्वांना जोडणारी वस्तू एकच होती, एका प्रक्रिया कंपनीची गोठवलेली स्ट्रॉबेरी. ठसा नसता तर दूरदूरच्या राज्यांतले चार-दोन रोगी एका साखळीतले आहेत, हे कोणाच्या ध्यानातही आले नसते.

आणि त्या साखळीत आणखी एक पाप सापडले. शाळांच्या सरकारी भोजनात फळ अमेरिकेचेच हवे, असा नियम होता. फळ पिकले होते मेक्सिकोत, पण कंपनीने कागदावर अमेरिकेचे म्हणून विकले. पुढे कंपनीला आणि तिच्या तेव्हाच्या अध्यक्षाला न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. आपल्याला यात नवल वाटायला नको. मालाचे नाव-गाव बदलण्याचे काम शेतकरी करीत नाही. ते बांधाच्या पलीकडे होते.

२०१३ सालचे उदाहरण तर डाळिंबवाल्यांनी पाठ करून ठेवावे. अमेरिकेत गोठवलेल्या मिश्र फळांच्या पाकिटातून १० राज्यांत १६५ जणांना कावीळ झाली. पाकिटात अमेरिका, चिली, अर्जेंटिना आणि तुर्कस्तान अशा चार देशांचा माल. ठपका कोणावर ठेवणार? रोग्यांतला विषाणू १बी कुळीचा निघाला. ही कुळी अमेरिका खंडात विरळा, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात जास्त. मग पाकिटांच्या नोंदी तपासल्या, आणि माग पोचला तुर्कस्तानच्या एका कंपनीच्या डाळिंबाच्या दाण्यांपर्यंत. त्या कंपनीचा माल सीमेवर अडवला गेला. बाकी तीन देशांचे शेतकरी वाचले. स्पेनच्या काकडीवाल्याला जे मिळाले नाही, ते यांना मिळाले, कारण ठसा आधी आला आणि ठपका मागून.

ठसा काय सांगत नाही

आता दुसरी बाजू. ठसा नाते सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. हे नीट ध्यानात ठेवा, कारण उद्या आपल्याला याच मुद्द्यावर भांडायचे आहे.

२००३ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉटेलात जेवलेल्या ६०१ जणांना कावीळ झाली, तिघे मेले. १७० रोग्यांचे विषाणू तपासले, सगळे एकच. स्वयंपाकघरातल्या कामगारांवर संशय येणारच होता, पण ते गिऱ्हाइकांबरोबरच आजारी पडले होते. तेही बळीच होते. चटणीत कच्ची घातलेली कांद्याची पात हे कारण ठरले, आणि पात आली होती मेक्सिकोहून. पण ती नासली कुठे? शेतात, पाण्यात, जुडी बांधताना की पातीवर टाकलेल्या बर्फात? ठशाने याचे उत्तर दिले नाही. तरी सीमेवर माल अडला तो शेतांच्या नावाने. बर्फवाल्याचे नाव कोणी घेतले नाही.

२०१२ साली जर्मनीत चीनहून आलेल्या गोठवलेल्या स्ट्रॉबेरीने जवळजवळ ११ हजार जणांना, बहुतांशी शाळकरी मुलांना, उलट्या-जुलाब झाले. तो विषाणू नोरोव्हायरस. तिथे एक नव्हे, अनेक कुळींचे विषाणू सापडले. याचा अर्थ काय? एका आजारी मजुराचा हात लागला असता तर बहुधा एकच कुळी सापडली असती. अनेक कुळी एकत्र सापडतात ती गटाराच्या पाण्यात. शेकडो घरांची घाण ज्या पाण्यात मिसळते त्या पाण्याने फळ भिजले, हा संशय म्हणून बळावतो. बघा, नीट वाचला तर हाच ठसा गरीब मजुराला सोडवतो आणि शहराच्या सांडपाण्याकडे बोट दाखवतो. आपल्या नदी-नाल्यांत कोणत्या शहराचे पाणी सोडले जाते, हे आम्ही सांगायला नको.

आमच्या पोरांचा ठसा कोण घेणार?

आता घरी येऊ. गावात लग्नाची पंगत उठते, रात्री दोनशे माणसे ओकू-हगू लागतात. शाळेच्या ओसरीवर सलाईनच्या बाटल्या टांगतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी येतात, "जेवणातून विषबाधा". आचारी पळून जातो, उरलेला भात बाटलीत भरून तपासणीला जातो, आणि प्रकरण संपते. ते विष होते, जिवाणू होता की विषाणू, विहिरीतून आला की वाढप्याच्या हातातून, हे गावाला कोणी सांगत नाही. आम्ही विचारतो, मिशिगनच्या पोराच्या काविळीची पोथी वाचली जाते, मग जालना-यवतमाळच्या पोराची का नाही?

विद्या आपल्याकडे नाही असे नाही. विषाणूंचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था पुण्यातच आहे, १९५२ पासून. दिल्लीत १९५५-५६ च्या साथीत यमुनेच्या पाण्यात गटार मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या रोग्यांचे रक्तद्रव कोणीतरी जपून ठेवले होते. १९८० साली ते तपासले, तेव्हा कळले की हा हिपॅटायटिस ए नव्हेच, वेगळाच विषाणू आहे. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. नमुना जपला म्हणून पंचवीस वर्षांनी सत्य कळले. आमच्या गावचे नमुने पंचवीस दिवससुद्धा जपले जात नाहीत. मग परदेशातला कोणी उद्या म्हणाला, "ही कुळी तुमच्या मुलखाची," तर उत्तर द्यायला आमच्या तालुक्याच्या दप्तरात कोरे पान!

दोन खोटे सूर

या विषयावर दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हे सारे परदेशी कारस्थान, आमचा माल अडवायची युक्ती. हे बोलणारे पुढारी स्वत: बाटलीचे पाणी पितात. माल अडवायला बहाणे केले जातात, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण बहाण्यावर औषध पुरावा असते, शिमगा नव्हे.

दुसरा सूर शहरी साहेबांचा : शेतकरी अडाणी, मजूर गलिच्छ. त्यांना आमचा सवाल आहे. कापूस वेचायला, डाळिंब तोडायला येणाऱ्या बाईने दिवसभर जायचे कुठे? बांधाआड. हात धुवायचे कशाने? डबक्याच्या पाण्याने. शेतावर आडोसा, पाण्याची टाकी, साबण याला पैसा लागतो. तो पैसा मालाच्या भावात कोणी धरला आहे काय? स्वच्छ माल पाहिजे आणि भाव मात्र उधळलेल्या मातीचा! हे चालायचे नाही.

आणि सरकारचे काय? जनुक तपासण्याची हौस त्याला आहे, पण ती आम्हाला पकडण्यापुरती. २००१ साली गुजरातेत कापसाच्या बियाण्यात बीटी जनुक सापडले, तेव्हा उभे पीक जाळायचे फर्मान निघाले. २०१९ साली अकोट तालुक्यात तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या पेऱ्यावरून शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. जनुक तपासायला तेव्हा यंत्रे मिळाली, माणसे मिळाली. आमच्या पंगतीच्या साथीला मात्र ती मिळत नाहीत. शास्त्र आमच्या दारात येते ते पोलिसाच्या काठीसारखे. आम्हाला ते साक्षीदार म्हणून हवे आहे.

आमच्या मागण्या

जिल्हा मेळाव्यात पुढील ठराव मांडायचे आहेत. गावोगाव वाचून दाखवा, चर्चा करा.

एक. साथ आली की लोकांना तातडीने सावध करावे. माणसे मरत असताना थांबा असे आम्ही म्हणणार नाही. पण संशयाला संशयच म्हणावे. रोग्याचा ठसा आणि मालाचा माग दोन्ही जुळल्याशिवाय कोणा पिकाला, तालुक्याला, देशाला दोषी ठरवू नये.

दोन. ठपका खोटा निघाला तर ज्याने तो ठेवला त्याने भरपाई द्यावी. मदत नव्हे, भरपाई.

तीन. तपासणीचा निकाल, विषाणूच्या पोथीसह, जाहीर करावा. मालाच्या नमुन्याचा एक भाग शेतकऱ्याच्या नावे राखून ठेवावा, म्हणजे त्याला दुसरीकडे तपासून घेता येईल.

चार. गावात साथ आली की रोग्याचे, पाण्याचे आणि अन्नाचे नमुने जपून ठेवावेत, त्यांची पारख व्हावी, आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा.

पाच. स्वच्छतेची अट घालणाऱ्या खरीददाराने तिचा खर्च भावात धरावा.

सहा. शेतकऱ्यावर जनुक तपासणीचा बडगा उगारणाऱ्यांनी तीच तपासणी बोगस बियाणे विकणाऱ्याच्या गोदामात आधी करावी.

हे झाले दुसऱ्याकडे मागायचे. काही आपल्या हातातले आहे. हुरडा, भाजी, फळ विकणाऱ्या प्रत्येकाने कोणत्या दिवशी, कोणत्या वावरातला, किती माल, कोणाला दिला याची वही ठेवावी. ठसा कितीही नेमका असला तरी वही नसेल तर तो आपल्या बाजूने बोलणार नाही. ज्याला कावीळ झाली आहे, जुलाब होत आहेत, त्याने मालाला हात लावू नये, आणि त्या दिवसांचा त्याचा रोज बुडू नये. तोडणीच्या जागी आडोसा, स्वच्छ पाणी आणि साबण ठेवावा. युरोपच्या गिऱ्हाइकासाठी म्हणून नव्हे. वेचणाऱ्या बाया आपल्याच आहेत, आणि तो माल आधी आपलीच पोरे खातात.

मेळाव्यात ठरावाला हात वर करायचे आहेत. ते हात धुऊन या, आणि येताना वही घेऊन या.